यमुना घराबाहेर पडली तेव्हा

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, असं विचारलं तर चांगले वाचकसुद्धा क्षणभर थांबतात. कुणी ‘मुक्तामाला’ म्हणतं, कुणी ‘मोचनगड’, कुणी थेट हरिभाऊ आपट्यांचं नाव घेतं. खरं उत्तर १८५७ सालात आहे. उत्तरेत बंड पेटलं होतं, मुंबईत विद्यापीठ नुकतं स्थापन होत होतं, आणि त्याच वर्षी मराठीत एक पुस्तक छापून निघालं: ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’. लेखक बाबा पदमनजी. वय सव्वीस. जन्म बेळगावचा, कासार समाजातला. तीनच वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता.

हे साल जरा इतर भाषांच्या शेजारी ठेवून बघा. बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ची. गुजरातीतली ‘करण घेलो’ १८६६ची. हिंदीतली ‘परीक्षागुरू’ १८८२ची आणि मल्याळममधली ‘इंदुलेखा’ १८८९ची. बंगालीत १८५२ साली हॅना कॅथरिन मुलेन्स यांचं ‘फुलमणी ओ करुणार बिबरण’ आलं होतं, तेही ख्रिस्ती बायकांच्या संसाराविषयीचं. ते सोडलं तर या देशात कादंबरी नावाचा प्रकार अजून रुजायचा होता. अशा वेळी एक तरुण माणूस मराठीत कादंबरी लिहायला बसतो आणि तिची नायिका म्हणून कुणाला निवडतो? राजकन्येला नाही, अप्सरेला नाही. ज्या बाईचं तोंड सकाळी दिसलं तर दिवस वाईट जाईल असं घरचे लोक मानत, तिला. मला या निवडीचं आश्चर्य आजही वाटतं.

कथा थोडक्यात अशी. यमुना आणि विनायक हे तरुण जोडपं. दोघंही विचारी, दोघांनाही ख्रिस्ती धर्माची ओढ लागलेली, पण घरादारापासून अजून तुटलेली नाहीत. दोघं प्रवासाला निघतात. वाटेत गावोगावी त्यांना विधवा भेटतात. कुणी कोवळ्या वयाची, कुणी पिचून गेलेली, कुणी फसवली गेलेली. प्रत्येकीची हकिकत यमुना ऐकते, नवरा-बायको त्यावर बोलतात आणि पुढे जातात. मग विनायकाचा अकाली मृत्यू होतो. कालपर्यंत ज्यांच्या कहाण्या ती ऐकत होती त्यांच्यातच आता तिची गणना होऊ लागते. शेवटी यमुना उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी पुनर्विवाह करते.

आता या सांगाड्यात काय काय दडलं आहे ते पाहू.

लेखकापासून सुरुवात करावी लागते, कारण वाळीत पडणं म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. बाबा पदमनजी बेळगावच्या मिशन शाळेत शिकले, पुढे मुंबईत आले. मुंबईत १८४९च्या सुमारास परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली होती. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे एक प्रमुख. जातिभेद मोडायचा हा सभेचा उद्देश. पण उघड मोडायची ताकद कुणातच नव्हती. म्हणून सगळं दारं लावून चाले. सभासद होऊ पाहणाऱ्याने ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, हा प्रवेशाचा विधी. सुशिक्षित, नोकरीपेशातली, समाजात मान असलेली ही माणसं. एक घोट पाणी आणि पावाचा एक तुकडा, एवढ्यासाठी त्यांना रात्र आणि बंद खोली लागत होती. पुढे १८६०च्या आसपास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. नावं लोकांना कळतील, एवढ्याच भीतीने ती संपली.

बाबा पदमनजी या सभेत होते. बंद खोलीतली सुधारणा त्यांना पुरेना, असंच त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून म्हणावं लागतं. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी हा सगळा प्रवास मांडला आहे, आणि परमहंस सभेबद्दल आज जे आपल्याला कळतं त्यातलं बरंचसं त्या पुस्तकामुळेच कळतं.

त्या काळात धर्म बदलणं म्हणजे परतीचा रस्ता बंद करून घेणं होतं. किती बंद, याची एक खरी हकिकत आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहत होता, त्यांच्यात जेवत होता. तो अजाण, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. मुलगा घरी आला. बाप्तिस्मा झालेला नव्हता, वयाने पोर. पण जात त्याला परत घेईना, कारण अन्न पोटात गेलं होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी जिवाचं रान केलं, तर कर्मठ मंडळी बाळशास्त्र्यांवरच उलटली. ‘दर्पण’ काढणारा, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारा, सगळ्या मुंबईत विद्वान म्हणून गाजलेला माणूस. एका पोराला त्याच्या स्वतःच्या घरात ताट मिळावं म्हणून त्याला आयुष्यातली उमेदीची वर्षं खर्ची घालावी लागली.

‘यमुनापर्यटन’ हे अशा जगात लिहिलेलं पुस्तक आहे. लेखक बाहेर पडलेला. त्याने लिहिलं ते घरात राहूनही बाहेर असलेल्या बायकांविषयी.

घरात राहूनही बाहेर, हे जरा जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ब्राह्मण आणि तशा इतर उच्च म्हणवणाऱ्या जातींत नवरा वारला की बाईचं केशवपन होई. घराच्या मागल्या पडवीत किंवा नदीकाठी न्हावी यायचा. ज्या घरात परपुरुषासमोर बाईने पदर ढळू द्यायचा नाही, त्याच घरात तिला एका परक्या पुरुषासमोर मान खाली घालून बसवलं जाई. आणि हे एकदाच नाही. केस वाढले की पुन्हा. मग अंगावर लाल आलवण, दिवसातून एक वेळ जेवण, कपाळ मोकळं, गळा मोकळा. हळदीकुंकवाला ती नको, लग्नाच्या मांडवात ती नको, कुणी कामाला निघालं तर समोर ती नको. पण पहाटेचं पाणी भरायला ती, सोवळ्याचा स्वयंपाक करायला ती, बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढायला ती. सगळं घर तिच्या हातावर चाले आणि त्याच घरात तिला जागा नसे. यातल्या कित्येक जणींना नवरा हा माणूस म्हणून आठवतही नसे, कारण लग्न आठव्या-नवव्या वर्षी झालेलं.

विधवांच्या केसांना वस्तरा लावणार नाही असं मुंबईतल्या न्हावी समाजाने सभा घेऊन ठरवलं ते १८९० साली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या माणसांनी वरच्या घरांतल्या बायकांसाठी आपल्या कमाईवर पाणी सोडायचं ठरवलं! आपल्या सामाजिक इतिहासातल्या फार मोठ्या घटनांमध्ये मी ही धरतो. पण ती ‘यमुनापर्यटन’नंतर तेहेतीस वर्षांनी घडली.

पुस्तक निघालं तेव्हा ताजा होता तो कायदा. जुलै १८५६मध्ये हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्यामागे ईश्वरचंद्र विद्यासागरांचे अपार कष्ट होते. डिसेंबरात कलकत्त्यात या कायद्याखालचं पहिलं गाजलेलं लग्न लागलं आणि दुसऱ्याच वर्षी मराठीत यमुना आली. म्हणजे लेखक अगदी चालू प्रश्नावर लिहीत होता. कायद्याने केलं काय? विधवेचं दुसरं लग्न वैध ठरवलं, त्या लग्नाची मुलं औरस ठरवली. पण त्याच कायद्यात एक कलम असंही होतं की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपेल; त्या मिळकतीच्या बाबतीत ती मेली असंच समजलं जाईल. गंमत पाहा, त्याआधी १८५० साली झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने, धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं गेलं तरी वारसाहक्क जाणार नाही अशी हमी दिली होती. धर्म सोडणाऱ्याची मिळकत कायद्याने राखली. नवा संसार मांडणाऱ्या विधवेला मात्र तिच्यावर पाणी सोडावं लागलं.

आणि कायद्याच्या पलीकडे ग्रामण्य होतंच. वाळीत टाकणं हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्याचा व्यवहार भयंकर असे. भटजी घरी येणार नाही. न्हावी, परीट काम नाकारणार. विहिरीवर शेजारीण घागर बाजूला घेणार. मुलीचं लग्न जमणार नाही. घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस मिळणार नाही. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळींनी मुंबईत वेणूबाईंचा पुनर्विवाह घडवून आणला, तेव्हा स्वतः विष्णुशास्त्री आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही बहिष्कार पडला. लग्न कायदेशीर होतं; पंगत मात्र मिळत नव्हती. कायदा देऊ शकत नव्हता ते कोण देणार, हा प्रश्न म्हणून कादंबरीकडे येतो.

बाबा पदमनजींपुढे अडचण अशी होती की मराठीत कादंबरी लिहायची कशी हे दाखवणारा नमुनाच नव्हता. गद्यात बखरी होत्या, इसपनीती आणि हितोपदेशासारख्या गोष्टींची भाषांतरं होती, शाळेसाठीची बोधपर पुस्तकं होती. ख्रिस्ती वाङ्मयात एक महत्त्वाचं पुस्तक मात्र होतं: हरि केशवजींनी १८४१ साली केलेलं ‘यात्रिकक्रमण’, जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचा मराठी अवतार. त्यातला माणूस आपलं गाव सोडून निघतो, वाटेत त्याला नाना तऱ्हेचे लोक भेटतात आणि शेवटी तो मुक्कामाला पोहोचतो. यमुना आणि विनायक निघतात तेव्हा या वाटेची आठवण होते. पण बन्यनच्या वाटेवर भेटतात ते गुण आणि अवगुण, माणसाची नावं धारण केलेले. यमुनेच्या वाटेवर भेटतात त्या खऱ्या घरांतल्या बायका. रूपकाची जागा हकिकतीने घेतली, आणि मराठीत वास्तववादी कादंबरीचा जन्म झाला तो या अदलाबदलीत, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आज सहज नजरेतून सुटते. १८५७ साली तरुण नवरा-बायको एकत्र प्रवास करताहेत, एकमेकांशी बोलताहेत, नवरा बायकोचं मत विचारतो आहे. भरल्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणं हासुद्धा ज्या काळी निर्लज्जपणा होता, त्या काळातलं हे चित्र आहे. प्रेमकथा म्हणून आपण आज जे ओळखतो ते तिथे फारसं नाही. पण दोन माणसं मिळून दुसऱ्याचं दुःख ऐकताहेत आणि ऐकता ऐकता एकमेकांच्या अधिक जवळ येताहेत, याहून मोठी प्रेमकथा त्या काळात दुसरी कोणती लिहिता आली असती?

मग येतो तो कलाटणीचा क्षण. विनायक मरतो. इतका वेळ वाचक यमुनेच्या शेजारी सुरक्षित बसून इतरांच्या कहाण्या ऐकत असतो. त्या दुसऱ्यांच्या असतात. यमुना शिकलेली, भाग्यवान, नवऱ्याची लाडकी. ती हळहळते, आपणही हळहळतो. आणि एका झटक्यात ऐकणारीच त्या रांगेत जाऊन उभी राहते. वस्तऱ्याची टांगती तलवार आता तिच्यावर. आधीच्या सगळ्या कहाण्या मागे वळून तिच्या होतात. दया दाखवणारा आणि जिच्यावर दया दाखवायची ती, यांच्यात फक्त एका मृत्यूचं अंतर होतं हे लेखकाने कुठलंही प्रवचन न करता, केवळ रचनेतून दाखवलं. प्रवचनं पुस्तकात इतरत्र पुष्कळ आहेत. पण ही एक जागा अशी आहे की तिथे सव्वीस वर्षांचा बाबा पदमनजी निव्वळ कादंबरीकार आहे, आणि उत्तम आहे.

ही कथा त्यांच्या डोक्यात आली तेव्हा बायबलमधली एक जुनी गोष्ट मागे उभी असावी असा माझा कयास आहे. कारण ख्रिस्ती परंपरेत परकी बाई, वैधव्य, प्रेम आणि स्वीकार हे सगळं एकत्र येतं ते रूथच्या पुस्तकात. अवघ्या चार अध्यायांचं पुस्तक. बेथलेहेमची नामी दुष्काळामुळे नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते. तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलं मरतात. उरतात तीन विधवा: नामी आणि तिच्या दोन मवाबी सुना. नामी गावी परत निघते, तेव्हा सुनांनी आपापल्या माहेरी जावं हे साहजिकच. पण रूथ सासूला सोडत नाही. परक्या देशात, परक्या लोकांत ती येते आणि पोटासाठी शेतात सरवा वेचू लागते. कापणी करताना पडलेली कणसं परक्यासाठी आणि विधवेसाठी राहू द्यावीत असा इस्राएलाच्या नियमशास्त्रात नियम होता. रूथ परकीही होती आणि विधवाही.

त्याच नियमशास्त्रात दुसरीकडे असंही आहे की मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. म्हणजे एका नियमाने तिला कणसं मिळत होती आणि दुसऱ्याने दार बंद होतं. शेताचा मालक बवाज तिच्याशी लग्न करायला तयार होतो, पण त्याच्याहून जवळचा एक नातलग असतो. गावाच्या वेशीत दहा वडीलधारी बसतात. तो नातलग नामीची जमीन सोडवून घ्यायला आधी तयार असतो. जमिनीबरोबर रूथचाही स्वीकार करावा लागेल म्हटल्यावर आपल्या मिळकतीला धक्का लागेल म्हणून मागे सरतो आणि रिवाजाप्रमाणे पायातली वहाण काढून देतो. विधवेचं लग्न आणि जमिनीचा वारसा यांची ही गाठ १८५६च्या कायद्यातही होती! हजारो वर्षांचं अंतर, वेगळा देश, आणि माणसं अडतात ती त्याच ठिकाणी. पुढे याच रूथच्या वंशात दावीद राजा जन्मतो, आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचं नाव आवर्जून घेतलेलं आहे. बवाजची आई म्हणून तिथे राहाबचं नाव येतं, तीही परकीच. परक्या बाईच्या पोटी जन्मलेल्या माणसाने परक्या बाईला ओळखलं, हे मत्तयाने एका ओळीत सांगून टाकलं आहे.

इंग्रजीत ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबरी हा आज भरभराटलेला प्रकार आहे. जेनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ची. तिच्यातही नवरा गमावलेली तरुण बाई परक्या माळरानावर येते. अशा कादंबऱ्यांच्या मुळाशी मला रूथच दिसते. पण त्यांचे लेखक मागे वळून सुखरूप अंतरावरून भूतकाळ रंगवतात. बाबा पदमनजी आपल्या डोळ्यांसमोरचं लिहीत होते, आणि त्यांच्या वाचकाच्या घरात त्या क्षणी आलवण नेसलेली बाई पाणी भरत होती.

पुस्तकात उणिवा आहेत, आणि त्या झाकून त्याचा मान वाढत नाही. ते प्रचारासाठी लिहिलेलं आहे. जुन्या वळणाची माणसं बहुतेक एकाच रंगात रंगवली आहेत. विधवेला सुटका आहे ती एकाच दारातून, आणि ते दार चर्चचं आहे. ज्या हिंदू वाचकाला विधवेचं दुःख मान्य होतं पण धर्म सोडायचा नव्हता, त्याला हे पुस्तक शेवटी परकं करून टाकतं. मराठी समीक्षेने ‘पहिली कादंबरी’ हा मान त्याला देताना पुष्कळ वर्षं हात आखडता घेतला, यामागे हेही कारण आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या मुळाशी तीन प्रवृत्ती दाखवल्या: ‘यमुनापर्यटन’ची, ‘मुक्तामाले’ची आणि ‘मोचनगडा’ची. त्यातली वास्तवाला भिडणारी पहिली. या मांडणीने यमुनेला तिची जागा मिळाली. एका वाळीत पडलेल्या माणसाचं पुस्तक साहित्याच्या पंगतीत बसायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

पण पुस्तकातल्या प्रश्नाने एवढी वाट पाहिली नाही. यमुना छापून आली त्याच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिल १८५८मध्ये रमाबाई डोंगरे जन्मली. ती पुढे पंडिता झाली, स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या जातीच्या आणि दुसऱ्या प्रांतातल्या माणसाशी तिने लग्न केलं, दोन वर्षांच्या आत विधवा झाली, १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत तिने विधवांसाठी शारदासदन उघडलं. कादंबरीतलं आयुष्य एक बाई खरोखर जगली, कितीतरी अधिक बुद्धीने आणि धैर्याने.

१८९० साली हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून येऊ लागली. तिच्या नायिकेचं नावही यमुनाच. तिच्याही नवऱ्याचा मृत्यू होतो, तिच्यावर केशवपनाची जबरदस्ती होते, आणि तिला कुठलंच दार उघडत नाही. हरिभाऊंनी हे नाव जाणूनबुजून घेतलं की योगायोगाने आलं, ते सोडून देऊ. दोन्ही यमुना शेजारी ठेवून वाचल्या की जे दिसतं ते विलक्षण आहे. पहिलीला लेखकाने दार दिलं म्हणून पुस्तक प्रचारकी ठरलं. दुसरीला दिलं नाही म्हणून वाचक रडला, आणि मराठी कादंबरी मोठी झाली.

शारदासदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. देवरुखकडची, आठव्या वर्षी विधवा झालेली. सदनात राहूनही ती ख्रिस्ती झाली नाही. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. गोदूबाईची आनंदीबाई झाली, पुढे सगळ्यांची बाया कर्वे. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादावरून शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. विधवेला आसरा हवा हे सगळ्यांना पटलं होतं. आसरा देणारे हात कोणत्या धर्माचे, यावर सगळं अडलं.

आणि मग लक्ष्मीबाई टिळक आहेत. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नवरा जिवंत असून लक्ष्मीबाईंची अवस्था विधवेसारखी झाली. मग त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या आपलं सोवळं, आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवून. कुणाच्या हातचं चालेल आणि कुणाच्या नाही, ही गाठ त्यांच्या मनात कशी सैल होत गेली ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितलं आहे, तिथे धर्मोपदेश नाही, भांडणं आहेत, हसू आहे, रुसवे आहेत, आणि एकमेकांवाचून न राहू शकणारी दोन माणसं आहेत. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. माझ्या मते मराठीतली सर्वांत खरी ख्रिस्ती प्रेमकथा हीच, आणि ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे.

बाबा पदमनजी २९ ऑगस्ट १९०६ रोजी वारले. शंभराच्या वर पुस्तकं, शब्दकोश, नव्या करारावरची टीका, नियतकालिकांचं संपादन एवढं काम त्यांच्या नावावर आहे. आज त्यातलं सहसा कुणी वाचत नाही. तुम्ही ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल, ‘पण लक्षात कोण घेतो?’ही वाचली असेल. आता त्यांच्या आधीचं हे छोटं पुस्तक मिळवा. जुनी भाषा आहे, वाक्यं लांब आहेत, मध्ये मध्ये उपदेश लागेल. तो लागला तरी थांबू नका. निदान विनायक जातो त्या प्रकरणापर्यंत वाचा.